एतबाराविना दोस्ती : पुणे, श्रीरंगपट्टण आणि हैदराबाद

'शत्रूचा शत्रू तो आपला मित्र' असे आपण सहज बोलून जातो. राजकारणातले हे जणू पहिले सूत्रच मानले जाते. परंतु इतिहासाच्या पानांवर हे सूत्र घासून पाहिले तर ते फार थोड्या ठिकाणी टिकते. शत्रूच्या शत्रूबरोबर राज्यकर्ते एखादी मोहीम काढतात, वकील पाठवतात, वस्त्रे आणि हत्ती-घोडे नजर करतात. पण त्याच्याशी कायमची गाठ बांधण्याची वेळ आली की त्यांचे हात आखडतात. असे का होते, हे समजून घेण्यासाठी परदेशातली उदाहरणे शोधत हिंडण्याची गरज नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आपली दक्षिण पुरेशी आहे.

या काळात दक्षिणेत तीन मोठ्या देशी सत्ता होत्या. पुण्याचे पेशवे, म्हैसूरचे हैदर अली व त्यांच्यानंतर टिपू सुलतान, आणि हैदराबादचे निजाम अली खान. चौथी होती इंग्रजांची कंपनी. १७६१ ते १७९९ या जेमतेम चाळीस वर्षांत या चौघांच्या सोयरिकी इतक्या वेळा फिरल्या की वाचणाऱ्याची दमछाक होते. पुणे आणि म्हैसूर एकत्र, पुणे आणि निजाम एकत्र, निजाम आणि इंग्रज एकत्र, पुणे-निजाम-इंग्रज एकत्र. जवळजवळ प्रत्येक जोडी कधी ना कधी जमली. एकच गोष्ट घडली नाही. तिन्ही देशी सत्ता इंग्रजांसमोर एकत्र उभ्या राहून शेवटपर्यंत टिकल्या नाहीत.

याचे एक तयार उत्तर आपल्याकडे आहे. मी ते शाळेत ऐकले. म्हैसूरच्या स्वाऱ्यांचा धडा चालू असताना पुढच्या बाकावरची दोन-तीन मुले वळून माझ्याकडे पाहू लागली. जणू हैदर अली माझा चुलत आजोबा होता आणि त्याच्या साऱ्या लढायांचा हिशेब मी द्यायचा होता. मास्तर भले गृहस्थ होते, त्यांनी तसे काही सुचवले नव्हते. पण मुलांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. एक हिंदू, दुसरा मुसलमान, मग भांडण होणारच. पुढे कळत्या वयात मी जे वाचले त्यात हा अर्थ कुठेच बसेना. त्या मुलांनी ज्या निजामाला हैदरच्या बाजूला बसवले असते तो निजाम बहुतेक वेळा टिपूच्या विरुद्ध छावणीत होता. टिपूने आपले वकील इस्तंबूलला पाठवले, तेव्हा त्याला ऑटोमन दरबाराकडून लष्करी मदत मिळाली नाही. पुढे सुलतान तिसरा सेलीम याचे जे पत्र आले, त्यात फ्रेंचांचा नाद सोडून इंग्रजांशी जुळवून घ्या, असा सल्ला होता, कारण नेपोलियन तेव्हा इजिप्तमध्ये उतरला होता. उलट १७९१ साली मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि तिथल्या स्वामींना पुन्हा पूजाअर्चा सुरू करण्यासाठी मदत पाठवली ती टिपूने. ती कन्नड पत्रे आजही उपलब्ध आहेत. तेव्हा धर्माची किल्ली या कुलपाला लागत नाही. कुलूप दुसरेच आहे.

ते कुलूप पाहायचे असेल तर नकाशा समोर ठेवावा. कृष्णा आणि तुंगभद्रा या दोन नद्यांच्या मधला मुलूख, म्हणजे धारवाड, बदामी, नरगुंद, गजेंद्रगड, सावनूर हा पट्टा. काळी माती, कापसाचे आणि जोंधळ्याचे पीक, किल्ल्यांची रांग. पुण्याच्या दृष्टीने हा त्यांच्या दक्षिण हद्दीचा उंबरठा, म्हैसूरच्या दृष्टीने उत्तर हद्दीचा. माधवराव पेशव्यांनी एकामागून एक स्वाऱ्या करून हैदरला मागे रेटले होते. १७७१ च्या मार्चमध्ये मोती तलावाजवळ त्र्यंबकराव पेठ्यांनी त्याचा मोठा पराभव केला. पण १७७२ मध्ये माधवराव गेले, पुढच्या वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि पुण्याचे लक्ष घरच्या आगीकडे लागले. हैदरने ही संधी सोडली नाही. तो कृष्णेपर्यंत येऊन भिडला. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांना त्याने पकडले आणि ते कब्बलदुर्गच्या कैदेत मेले.

आमच्या मिरज भागातल्या माणसाला हा इतिहास पुस्तकातला वाटत नाही. मिरजेचे पटवर्धन हे या सीमेवरचे मुख्य सरदार. १७७७ साली सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पटवर्धन पडले, पांडुरंगराव हैदरच्या हाती सापडले आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे वर्षानुवर्षे खपून प्रसिद्ध केली. ती वाचताना लक्षात येते की ज्यांच्या घरात असे मृत्यू झाले आणि ज्यांचा सरंजाम याच पट्ट्याला लागून होता, त्या माणसांना 'खरा शत्रू इंग्रज आहे' हे पटवून देणे किती अवघड होते. दूरच्या शत्रूची भीती विचाराने वाटते, शेजारच्या शत्रूची अनुभवाने.

आणि तरीही १७८० साली ते घडले. इंग्रजांनी राघोबादादांना हाताशी धरून पुण्याच्या गादीत हात घातला होता. वडगावला त्यांचा पाडाव होऊनही युद्ध संपले नव्हते. इकडे हैदरच्या मनात जुना सल होता. १७६९ च्या मद्रासच्या तहात इंग्रजांनी अडचणीत एकमेकांना मदत करण्याचे वचन दिले होते. पुढे मराठे त्याच्यावर चालून गेले तेव्हा हैदरने मदत मागितली आणि इंग्रज आले नाहीत. निजामालाही गुंटूरच्या प्रकरणात कंपनीने दुखावले होते. तिघांचा राग एकाच वेळी एकाच दिशेला वळला, असा योग दक्षिणेत क्वचितच आला असेल. नाना फडणीसांनी तो ओळखला. नागपूरच्या भोसल्यांना धरून चौघांची योजना आखली गेली. हैदरने कर्नाटकात उतरून मद्रासवर जावे, निजामाने उत्तर सरकारांत घुसावे, भोसल्यांनी कटकमार्गे बंगालवर चालून जावे, आणि पेशवे, शिंदे, होळकर यांनी गुजरात व मुंबईच्या बाजूने इंग्रजांना गुंतवावे. हैदरने व्यापलेला कृष्णेपर्यंतचा मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचा आणि त्याच्याकडून घ्यायची खंडणी वर्षाला अकरा लाखांवर आणायची, हेही नानांनी मान्य केले. ज्या मुलखासाठी माधवरावांनी आपले अर्धे आयुष्य खर्ची घातले तो सोडून देणे ही लहान गोष्ट नव्हती.

हैदरने आपला शब्द पाळला. १७८० च्या जुलैत तो घाट उतरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची पलटण नामशेष झाली. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालाच्या भिंतीवर या लढाईचे चित्र आहे. पालखीत बसलेला हवालदिल बेली त्यात जरूर पाहावा. पण बाकीच्यांचे काय? वॉरन हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन निजामाला जागेवर बसवले. मुधोजी भोसल्यांनी चिमणाजीला फौज देऊन कटककडे रवाना तर केले, पण आपण बंगालवर जाणार नाही हे आतून हेस्टिंग्जला कळवून ठेवले आणि वर त्याच्याकडून पैसेही घेतले. म्हणजे चौघांपैकी दोघे पहिल्याच वर्षात गळाले. पुणे मात्र लढत राहिले. हैदरचा ताण त्यामुळे हलका झाला आणि हैदरमुळे पुण्याचा. याला सहकार्य म्हणायला हरकत नाही. युती म्हणता येईल का, हा प्रश्न दोन वर्षांनी आला.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह केला. महादजींना उत्तरेत, दिल्लीच्या राजकारणात मोकळे व्हायचे होते. त्यांच्या बाजूने विचार केला तर तह चुकीचा नव्हता. पण त्यात एक कलम असे होते की हैदरने कर्नाटकात जिंकलेला प्रदेश परत करावा, इंग्रज कैदी सोडावेत आणि हे सारे पेशव्यांनी त्याच्याकडून सहा महिन्यांत करवून घ्यावे. कालपर्यंत ज्याच्या खांद्याला खांदा लावून लढलो त्यालाच आता हुकूम सोडायचा! नानांना हे रुचले नाही. ते तहावर शिक्कामोर्तब करायला तयार होईनात. महिन्यामागून महिने त्यांनी टाळाटाळीत घालवले. इंग्रजांनी साष्टी परत दिली तर ती घ्यावी, नाही तर हैदर आहेच, असा दुहेरी डाव त्यात होता हे खरे. पण मित्राला अगदी वाऱ्यावर न सोडण्याची लाजही त्यात असावी, असे मला वाटते. ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळच्या छावणीत हैदर अली वारला. त्याच महिन्यात पुण्याहून तहाला मंजुरी गेली.

या घटनेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. करार दोन राज्यांमध्ये झाला होता, की दोन माणसांमध्ये? हैदर गेला आणि करारातला प्राण गेला. टिपूने बापाचे युद्ध चालू ठेवले आणि १७८४ च्या मार्चमध्ये मंगळूर येथे इंग्रजांशी स्वतंत्र तह केला, तोही पुण्याला बाजूला ठेवून. पुण्यात याचा राग आला. आम्ही तुझ्यासाठी सालबाईत तरतूद करतो आणि तू आम्हाला विचारतही नाहीस! टिपूचे म्हणणे असे की मी कुणाचा मांडलिक नाही, माझा तह मी करीन. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि नेमके तेच दुखणे होते.

कारण १७८० मध्ये एक प्रश्न न सोडवताच पुढे ढकलला गेला होता. म्हैसूर हे पुण्याच्या बरोबरीचे राज्य आहे की खंडणी देणारे? खंडणीचा आकडा कमी झाला, पण खंडणी राहिली. नानांच्या दफ्तरी ती चौथाईच्या हक्काची खूण होती, हैदरच्या हिशेबी युद्धखर्चातली एक सोय. हैदर वयस्क आणि व्यवहारी होता, तो शब्दांवर अडून बसला नाही. टिपू वेगळ्या घडणीचा होता. पुढे त्याने स्वतःच्या नावामागे बादशाही लावली, आपले नाणे, आपले पंचांग, आपली मापे सुरू केली. निजाम तर बापलेकांना उपटसुंभच समजत असे. दिल्लीच्या बादशहाच्या सनदेवर बसलेल्या घराण्याने नायकाच्या पोराला बरोबरीने कसे वागवावे? टिपूने सोयरिकीची गोष्ट काढली तेव्हा ती हैदराबादेत फेटाळली गेली, असे सांगतात.

ठिणगी पडली ती नरगुंदला. तिथले व्यंकटराव भावे हे छोटे ब्राह्मण संस्थानिक. नव्या करारानुसार ते म्हैसूरच्या बाजूला आले होते. टिपूने त्यांच्याकडची मागणी वाढवली, त्यांनी पुण्याकडे धाव घेतली. नानांचे म्हणणे, वहिवाटीपेक्षा जास्त मागता येणार नाही. टिपूचे म्हणणे, माझ्या मांडलिकाकडून मी किती घ्यावे हे तुम्ही कोण सांगणार? १७८५ मध्ये नरगुंद पडले, कित्तूरही गेले. भाव्यांना दिलेले अभयवचन मोडून टिपूने त्यांना कैदेत टाकले. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. टिपूवर झालेल्या खोट्या आरोपांना उत्तर देण्याच्या भरात आपण मुसलमान लिहिणाऱ्यांनी त्याची अशी कृत्ये झाकू नयेत. नरगुंदचा शब्दभंग, कूर्ग आणि मलबारमधली सक्ती, ही त्याच्या राजकारणाची अंगे होती आणि ती त्याला महागात पडली. नरगुंदच्या घटनेने पुण्यातल्या त्या माणसांचे तोंड बंद झाले जी टिपूशी जमवून घ्या असे म्हणत होती.

पुढच्या युद्धात नाना आणि निजाम एका बाजूला, टिपू एका बाजूला. १७८६ मध्ये मराठ्यांनी बदामी घेतली, टिपूने निजामाचे अदोनी घेतले. हरिपंत फडके आणि टिपू सावनूरच्या आसपास एकमेकांना चकवत फिरले. नानांनी इंग्रजांकडे मदत मागून पाहिली. नव्याने आलेल्या कॉर्नवॉलिसने ती दिली नाही. तरी पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट येऊन बसला होता, आणि तो उगाच बसलेला नाही हे टिपूला कळत होते. १७८७ मध्ये गजेंद्रगडला तह झाला. टिपूने ४८ लाख रुपये आणि बदामी, नरगुंद, कित्तूर परत देण्याचे कबूल केले. लढाईत तो हरला नव्हता. तरी त्याने इतके दिले, कारण त्याला पुण्याशी शांतता विकत घ्यायची होती. पण विकत घेतलेली शांतता ती किती दिवस पुरणार?

ती तीन वर्षे पुरली. १७८९ च्या अखेरीस टिपूने त्रावणकोरवर हल्ला केला आणि इंग्रजांना निमित्त मिळाले. १ जून १७९० रोजी पुण्यात नाना आणि मॅलेट यांचा करार झाला, पाठोपाठ निजामाचा. महादजी शिंद्यांना हे पसंत नव्हते. टिपूला बुडवून इंग्रजांना वाढवू नये, असे त्यांचे मत होते. ज्यांनी सालबाईत हैदरला सोडले तेच महादजी आता टिपूच्या बाजूने बोलत होते, आणि ज्यांनी सालबाईवर सही रोखली ते नाना टिपूविरुद्ध इंग्रजांना सामील होत होते. यात विसंगती वाटते, पण ती तितकी खोल नाही. महादजी उत्तरेत होते, तुंगभद्रा त्यांची सीमा नव्हती. टिपू त्यांना इंग्रजांविरुद्धचे वजन म्हणून दिसत होता. नानांना तोच टिपू धारवाडच्या किल्ल्यात दिसत होता.

या युद्धातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी जाऊन पोचला. लढाई जिंकला, पण रसद संपली. बैल मेले, शिपाई उपाशी, पाऊस आणि रोगराई. अवजड तोफा स्वतःच्या हाताने नष्ट करून त्याला मागे फिरावे लागले. मेलुकोटेजवळ समोरून घोडेस्वार येताना दिसले तेव्हा इंग्रजांना वाटले, टिपूचेच आले. ते हरिपंत आणि परशुरामभाऊंचे मराठे होते. टिपूच्या जासूद-स्वारांनी टपाल अडवल्यामुळे ते इतके जवळ आल्याचे इंग्रजांना ठाऊकच नव्हते. मराठ्यांच्या छावणीबरोबर बाजार चालत असे, त्यात धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत सगळे मिळे. भाव अर्थातच चढे होते. त्या बाजाराने कॉर्नवॉलिसची फौज वाचवली. मराठे आणखी काही दिवस रेंगाळले असते तर? इतिहासात 'तर' ला अर्थ नसतो म्हणतात. परंतु पटवर्धनांचे दप्तर वाचताना तो शब्द मनात येतोच.

फेब्रुवारी १७९२ मध्ये टिपू कोंडला गेला आणि मार्चमध्ये तह झाला. अर्धे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस. त्याचे राज्यच संपवून टाकावे असा विचार इंग्रजांच्या छावणीत होता. तो मागे पडण्यात हरिपंतांच्या मध्यस्थीचा वाटा होता. नानांचे धोरण यातून स्वच्छ दिसते. टिपू जिवंत हवा, पण दुबळा हवा. इंग्रजांनाही धाक राहील आणि आपल्यालाही त्रास होणार नाही. हिशेब कागदावर चोख होता. मराठ्यांना तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळाला, म्हणजे तीस वर्षांचे भांडण ज्यासाठी होते ते साधले. पण इंग्रजांनी काय घेतले ते पाहा. मलबारचा किनारा, कूर्ग, बारामहाल, दिंडिगल. म्हणजे म्हैसूरची समुद्राची दारे आणि घाटांच्या वाटा. धाक घालायला जो शेजारी शिल्लक ठेवला, त्याचे हातपायच काढून घेतले गेले होते. आणि पुणे व श्रीरंगपट्टण यांच्यातले भांडणाचे मूळ जेव्हा मिटले, तेव्हा दोस्ती करावी असे त्या बाजूला फारसे काही उरले नव्हते.

युद्धानंतर कॉर्नवॉलिसने तिघा दोस्तांपुढे आणखी एक मसुदा ठेवला. टिपूने पुन्हा हल्ला केल्यास तिघांनी एकमेकांच्या मुलखाची हमी घ्यावी. निजाम लगेच तयार झाला. पुण्याने टाळले. का, तर निजामाच्या मुलखाची हमी घेतली म्हणजे निजामाकडे थकलेल्या चौथाईवर पाणी सोडावे लागेल. एकत्र लढणे चालेल, लूट वाटून घेणे चालेल, पण उद्या ज्याच्याकडून वसुली करायची आहे त्याला आज सुरक्षित कसे करायचे? ही वसुली १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला झाली. निजामाने इंग्रजांकडे पाहिले, गव्हर्नर जनरल शोअर तटस्थ राहिला, निजाम हरला. मराठी सरदार एकत्र येऊन जिंकलेली ही शेवटची मोठी लढाई. तिचा अभिमान आपण शाळेपासून बाळगतो. परंतु खर्ड्याचा अपमान गिळून बसलेला निजाम तीन वर्षांनी, १ सप्टेंबर १७९८ रोजी, तैनाती फौजेच्या तहावर सही करून मोकळा झाला. शेजाऱ्याला इतके वाकवले की तो परक्याच्या दारात जाऊन बसला.

१७९९ च्या वेळी पुण्यात सवाई माधवराव नव्हते, महादजी नव्हते, हरिपंत नव्हते. नाना थकलेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या संशयाने वेढलेले. टिपूचे वकील पुण्यात होते. बाजीरावाने इंग्रजांना फौज कबूल केली आणि पाठवली नाही. टिपूच्या वकिलांनाही निरोप दिला नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याचा हा प्रकार चालू असतानाच ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू तटाच्या दरवाजाजवळ लढता लढता मारला गेला. वेलस्लीने लुटीतला एक तुकडा पेशव्यांपुढे धरला, पण त्याला अशा अटी जोडल्या होत्या की पुण्याने तो नाकारला. तो तुकडा मग इंग्रज आणि निजाम यांनी वाटून घेतला. निजामाच्या पदरातले तरी टिकले का? १७९२ आणि १७९९ मध्ये म्हैसूरकडून मिळालेला सगळा मुलूख, बल्लारी, कडप्पा, अनंतपूरचा, त्याने १८०० च्या ऑक्टोबरात तैनाती फौजेच्या खर्चापोटी कंपनीलाच देऊन टाकला.

नाना त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. टिपूच्या मृत्यूची बातमी ऐकून, आता पाळी पुण्याची, हे त्यांनी ओळखले होते. १७८० साली त्यांनी हेच ओळखले होते. मधल्या वीस वर्षांत त्यांची समजूत बदलली नव्हती. बदलत राहिले ते धारवाड, नरगुंद आणि बदामीचे मालक. १८०२ च्या शेवटच्या दिवशी बाजीरावाने वसईला सही केली, आणि पुढच्या सप्टेंबरात असईच्या मैदानावर आर्थर वेलस्ली उभा होता, जो चार वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टणचा कारभार पाहत होता. त्याच्याबरोबरच्या घोडदळात म्हैसूरचे स्वार होते.